गळा आपला, चेहरा कुणाचा?

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत माझी भाची घरी आली आणि चहाला उकळी फुटेपर्यंतही तिला धीर निघाला नाही. "मामू, मला मालिकेत काम मिळतंय," ती म्हणाली. घरातल्यांनी आधी टाळ्याच वाजवल्या. मग हळूहळू तपशील बाहेर आला. भूमिका एका गाणाऱ्या मुलीची, पण गाणं तिचं नाही. गाणी दुसऱ्या एका मुलीच्या आवाजात आधीच ध्वनिमुद्रित झालेली. हिनं फक्त ओठ हलवायचे. आता ही पोरगी गेली अकरा वर्षं पहाटे उठून खर्ज लावते. मिरजेतल्या आमच्या गल्लीत फजरची अजान आणि हिचा सा, दोन्ही मागोमाग ऐकू येतात. ती गाते हे मालिकावाल्यांना ठाऊक नव्हतं असंही नाही. "गाणारी आहेस ना, मग ओठ अगदी बरोबर हलतील," असं कुणीतरी तिला कौतुकानं सांगितलं म्हणे.

"मामू, काय करू?"

आमच्या घराण्यात बी. ए. झालेला पहिला मी, आणि कवी म्हणून ज्याचं नाव अधूनमधून छापून येतं असाही मीच. त्यामुळे लग्नपत्रिकेच्या मजकुरापासून बँकेच्या अर्जापर्यंत सगळं माझ्याकडे येतं. तसा हाही प्रश्न आला. मी तिला सरळ उत्तर दिलं नाही, कारण ते माझ्यापाशी नव्हतं. काही गोष्टी सांगितल्या. त्यातल्या काही मोठ्या माणसांच्या होत्या आणि एक-दोन माझ्या फजितीच्या. त्याच आज तुमच्यापुढे ठेवतो.

माझे अब्बा तंबोऱ्याच्या कारखान्यात कामाला होते. कारखाना म्हणजे काय, एक लांबट खोली, पंढरपूरकडून आलेले भोपळे माळ्यावर टांगलेले, खाली लाकडाचा भुसा आणि सरसाचा वास. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा वर्तमानपत्रांत फोटो आले. अब्बा ते बघायला नव्हते. त्यांचं काम जवारीचं. तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवरून जातात, तिचा माथा कानशीनं घासून असा उतरता करायचा की तार छेडली की नुसती वाजू नये, बोलावी. तार चढवायची, ऐकायची, उतरवायची, पुन्हा घासायचं. एका घोडीत अर्धा दिवस जाई. कमी घासलं तर तार मुकी राहते आणि जास्त घासलं तर तिची नुसती झणझण होते. पुन्हा एका गवयाला जी जवारी आवडते ती दुसऱ्याला चालत नाही. कुणाला खुली हवी, कुणाला बंद. अब्बांना गाता येत नव्हतं, पण गाणाऱ्याचा आवाज एकदा ऐकला की त्याला कशी जवारी लागेल ते त्यांना कळे.

आणि आमचं गावही तसंच. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब इथे राहिले. १९३७ साली दक्षिणेत प्रवासात असताना ते गेले, पण त्यांची कबर मिरजेतल्या मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात आहे. उरुसात त्यांच्या नावानं गाण्याची बैठक होते आणि मोठमोठे गवई तिथे हजेरी लावून जातात. शेजारच्या सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीता स्वयंवर' केलं. आणि नारायण श्रीपाद राजहंस नावाच्या मुलानं किरलोस्कर मंडळीत शकुंतला होऊन रंगभूमीवर पहिलं पाऊल टाकलं, तेही १९०५ साली मिरजेतच. म्हणजे गाणं आणि नाटक ही दोन्ही दुकानं आमच्याकडे एकाच पेठेत.

बालगंधर्वांची गोष्ट मी भाचीला आधी सांगितली, कारण गायक नट म्हटला की मराठी माणूस तिथूनच सुरुवात करतो. भास्करबुवा बखल्यांची तालीम मिळालेला गळा आणि बायकांनी ज्याच्याकडे पाहून लुगडं नेसायला शिकावं असा अभिनय. त्या काळात नटानं गाणारं असणं ही नोकरीची पहिली अट होती. गाणं वेगळं आणि अभिनय वेगळा, असा प्रश्नच कुणाला पडत नसे. प्रश्न होता तो दुसराच. पद संपलं की प्रेक्षागृहातून 'वन्समोअर' यायचा. मग रुक्मिणी असो की सिंधू, ती आपलं दुःख बाजूला ठेवून तेच पद पुन्हा गायची, नव्या ताना घेऊन. कधी तिसऱ्यांदाही. नाटक रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालायचं. खाली साथीला कोण? सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर अहमदजान थिरकवाँ. अब्बा ही दोन नावं अशी घ्यायचे की जणू आमचे सोयरे.

आता विचार करा, सिंधूचं घर दारूपायी उद्ध्वस्त होतंय आणि ती तेच पद तिसऱ्यांदा गातेय. अभिनयाच्या हिशेबानं हा अन्यायच. पण बालगंधर्वांच्या बाबतीत लोक सांगायचे की दर खेपेला सिंधू अधिक खरी व्हायची. मी ते पाहिलेलं नाही, पाहणाऱ्यांचे चेहरे पाहिलेत. ती सांगताना म्हाताऱ्यांचे डोळे पाणवायचे, तेव्हा काहीतरी खरं असणार.

मग १९३५ साल उजाडलं. बोलपट येऊन चार वर्षं झाली होती, नाटक कंपन्या मोडकळीला आल्या होत्या आणि गंधर्व मंडळीवर कर्ज होतं. बालगंधर्व प्रभातच्या 'धर्मात्मा'मध्ये संत एकनाथ झाले. दिग्दर्शक व्ही. शांताराम. वय सत्तेचाळीस, आयुष्यात पहिल्यांदा पडद्यावर आणि तेही पुरुषवेषात. चित्रपट वाईट नव्हता, पण लोकांना त्यात त्यांचे गंधर्व सापडले नाहीत. कॅमेऱ्यापुढे वन्समोअर कोण देणार? तान कुठवर न्यायची ते समोरच्या माणसांच्या श्वासावरून ठरवणारा हा गवई, त्याच्यासमोर काचेचा एक डोळा आणि 'कट' म्हणणारा आवाज. प्रभातबरोबरचा संबंध त्या एका चित्रपटावरच संपला. पुढे १९३७ साली 'साध्वी मीराबाई'मध्ये ते पडद्यावर स्त्रीवेषातही आले, तोही चालला नाही. ते परत रंगमंचावर गेले.

इथे आपले लोक पटकन म्हणतात, बघा, कलावंत स्वतःशी प्रामाणिक राहिला. मला ते इतकं सोपं वाटत नाही. कर्ज त्यांनी नादारी न घेता फेडलं, यातला प्रामाणिकपणा मला कळतो. पण शरीर थकल्यावर, चेहरा ओघळल्यावरही ते शालू नेसून उभे राहिले ते केवळ निष्ठेपोटी, असं मी म्हणणार नाही. आपण ज्या रूपात लोकांना आवडलो त्या रूपाला माणूस चिकटून बसतो, आणि त्यालाच आपण 'मी' समजतो. हे गंधर्वांसारख्या माणसाचं झालं, तर तुमचं-माझं काय घ्या.

भाची म्हणाली, "म्हणजे त्यांनी सिनेमा केला हे चुकलं?" मी म्हटलं, तसं नाही बेटा. आणि तिला हिराबाई बडोदेकरांचं सांगितलं. हिराबाई म्हणजे अब्दुल करीम खाँसाहेब आणि ताराबाई माने यांची लेक. लहानपणीचं नाव चंपाकली. आईनं घर वेगळं केल्यावर मुलांची नावं बदलली. अब्दुल रहमानचा सुरेशबाबू झाला आणि चंपाकलीची हिराबाई. या भावंडांनी पुढे नाटक कंपनी काढली आणि बायकांची कामं बायकांनीच करायची, असं ठरवलं. पुरुषांनी लुगडी नेसायच्या त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. कंपनी फार वर्षं टिकली नाही, तोट्यात गेली. हिराबाई मैफलीकडे वळल्या आणि तिथेच राहिल्या. नाटकातली पदं त्या पुढेही गात, पण मैफलीत, तंबोऱ्यांच्या मध्ये बसून, कुणाचाही वेष न घेता. दोन्ही करून पाहिलं आणि आपला पाट कुठे मांडायचा ते ओळखलं. त्याचा गाजावाजा केला नाही.

पण माझ्या मनात सगळ्यात जास्त घर केलंय ते वसंतराव देशपांड्यांनी.

१९३५ साली बालगंधर्व एकनाथ झाले, त्याच वर्षी भालजी पेंढारकरांच्या 'कालिया मर्दन'मध्ये कृष्णाचं काम करणारा एक मुलगा होता. जन्म १९२०चा, मूर्तिजापूरचा, वाढलेला नागपुरात, शंकरराव सप्र्यांचा शागीर्द. तोच वसंत देशपांडे. पडदा त्याला पंधराव्या वर्षी मिळाला होता. पण पुढे काय झालं? लाहोरला जाऊन असद अली खाँसाहेबांकडे मारवा शिकला, पुण्यात सुरेशबाबू मान्यांकडे, मुंबईत भेंडीबाजारवाल्या अमान अली खाँसाहेबांकडे. मास्टर दीनानाथांच्या गाण्याचं वेड होतंच. आणि पोटासाठी मिलिटरी अकाउंट्समध्ये कारकुनी. ती थोडीथोडकी नाही, वीसपेक्षा जास्त वर्षं. दिवसा जमाखर्चाचे कागद आणि रात्री गाणं. एका घराण्याचा शिक्का नाही म्हणून जाणकार नाकं मुरडायचे ते वेगळंच.

मीही कचेरीत टेबलामागे आयुष्य काढलंय, म्हणून मला त्या नोकरीचं फार वाटतं. लोक तिला वाया गेलेली वर्षं म्हणतात. मला वाटतं, त्या नोकरीनंच त्यांचा गळा विकण्यापासून वाचवला. महिन्याच्या एक तारखेला पगार येतो म्हटल्यावर कुणाला आवडेल तसं गायची गरज उरत नाही. अर्थात हे मी बाहेरून म्हणतो. ज्यानं ती वर्षं काढली त्याला रात्री काय वाटत असेल ते त्यालाच ठाऊक.

नोकरी सुटली आणि थोड्याच काळात 'कट्यार काळजात घुसली' आलं. डिसेंबर १९६७. लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर, संगीत जितेंद्र अभिषेकींचं, संस्था प्रभाकर पणशीकरांची नाट्यसंपदा. बालगंधर्व त्याच वर्षी जुलैत गेले होते. आणि वसंतराव तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचे, म्हणजे गंधर्व पहिल्यांदा कॅमेऱ्यापुढे उभे राहिले तेव्हाच्याच वयाचे. त्यांना भूमिका मिळाली खाँसाहेब आफताब हुसेनची. दरबारात राजगायकाची जागा मिळवणारा, आपली विद्या दुसऱ्याच्या हाती जाऊ नये म्हणून जळणारा, अहंकारी आणि तरीही सुरापुढे हतबल होणारा उस्ताद. त्यांची मुलगी झरीना झाली होती फैय्याज, आमच्या शेजारच्या सोलापूरची. या फैय्याजबाईंनी पुढे नाट्यपद, लावणी, ठुमरी सगळं गाऊन आणि तितकाच अभिनय करून २०१५ साली बेळगावच्या नाट्यसंमेलनाचं अध्यक्षपद भूषवलं. अब्बा तेव्हा असते, तर त्यांनी मोहल्ल्यात पेढे वाटले असते. 'अपनी छोकरी,' असं ते त्यांच्याबद्दल बोलायचे. कधी भेटले नव्हते, तरी.

अब्बांनी 'कट्यार' सांगलीत पाहिलं. मी तेव्हा फारच लहान, मला नेलं नव्हतं. पण त्या रात्रीचं त्यांचं बोलणं घरात इतक्यांदा झालं की मला ते मी ऐकल्यासारखंच वाटतं. आधी त्यांना शंका होती. वऱ्हाडातला देशपांडे आडनावाचा माणूस दाढी लावून खाँसाहेब होणार, म्हणजे काय होणार? परत आले ते गप्प. मग अम्मीला म्हणाले, "इने किसी उस्ताद के घर पानी भऱ्या है." म्हणजे हा माणूस कुठल्यातरी उस्तादाच्या घरी पाणी भरून आलाय. लाहोरचं त्यांना काही ठाऊक नव्हतं. त्यांनी ते बसण्यावरून ओळखलं होतं. तान घेण्याआधी उस्ताद माणूस मांडी कशी बदलतो, शागीर्द चुकला की आधी डोळे मिटतो आणि मग ओरडतो, या गोष्टी दाढीबरोबर भाड्यानं मिळत नाहीत. वसंतराव खाँसाहेबाची नक्कल करत नव्हते. ज्यांच्यापुढे ते स्वतः बसले होते, त्यांना आठवत होते. गळा मात्र पूर्ण त्यांचा स्वतःचा.

आता माझी फजिती.

मी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना कॉलेजच्या स्नेहसंमेलनात एकांकिका बसत होती. त्यात एका मुसलमान फळवाल्याचं पात्र होतं. दिग्दर्शकानं माझं नाव ऐकलं आणि म्हणाला, "झालं, अस्सल माणूस मिळाला!" मी वाचायला सुरुवात केली. मी मिरजेत बोलतात तसं मराठी बोलतो, घरात दख्खनी बोलतो; आमच्या बाजारातले फळवाले गिऱ्हाइकाशी माझ्यासारखंच बोलतात. दिग्दर्शक ऐकत राहिला, मग म्हणाला, "तसं नाही रे. जरा मुसलमानासारखं बोल की."

श्रोतेहो, हे तो दुष्टपणानं म्हणाला नाही. चांगला मुलगा होता. त्यानं सिनेमात जसं पाहिलं होतं तसं त्याला हवं होतं. आणि मी ते दिलं! 'हम तुमको बोलेगा', 'हमारा केला एकदम मीठा है'. गळ्यात ताईत बांधला, लुंगी वर खोचली, एका कोपऱ्यात गाण्याची एक ओळही घातली कव्वालीच्या थाटात. दर वाक्याला हशा. अभिनयाचं दुसरं बक्षीस मिळालं, एक स्टीलचा डबा. तो अजून घरात आहे, त्यात जिरे ठेवतात.

अब्बा शेवटच्या रांगेत बसले होते. रात्री घरी आल्यावर हात धुता धुता त्यांनी विचारलं, "वो स्टेज पे कौन था?"

मी म्हटलं, "मैं था, अब्बा."

"नहीं," ते म्हणाले. "तू नहीं था. मैं बी नहीं था. अपने मोहल्ले का कोई नहीं था. इसलिए पूछा, कौन था?"

रागावले नव्हते. खरंच विचारत होते, जसं ते तंबोरा आणणाऱ्याला विचारायचे की हा कुठे बनवलाय. त्यानंतर मी पुन्हा नाटकात काम केलं नाही असं सांगितलं, तर गोष्ट छान वाटेल. पण मी आणखी दोनदा केलं आणि दोन्ही वेळा तसंच बोललो. टाळ्यांची चव अशी असते की ती कळल्यावरही सुटायला वेळ लागतो. एक देशपांडे खरा खाँसाहेब होऊ शकतो आणि एक खरा मुसलमान स्वतःच्या गल्लीतला साधा फळवाला होऊ शकत नाही, हे मला बऱ्याच उशिरा जाणवलं. तोपर्यंत मी कविता लिहायला लागलो होतो आणि तिथे याच रोगाचा दुसरा प्रकार मला व्हायचा होता.

मला थोडा गळा आहे. सुरेश भट आपल्या गझला चालीत म्हणायचे आणि सभा डोलायच्या, ते आम्ही पाहिलं-ऐकलं होतं. नव्वदच्या दशकात कविसंमेलनांतून मीही तरन्नुममध्ये म्हणू लागलो. लगेच फरक पडला. आधी मला चौथ्या-पाचव्या नंबरावर बोलवायचे, मग शेवटी बोलवू लागले. "गाऊन होऊ द्या!" अशी फर्माईश यायची. जोडीला "एखादं उर्दूही होऊन जाऊ द्या" हे असायचंच, कारण माझ्या नावाच्या माणसानं मराठीतच का लिहावं हे कित्येकांना आजही कळत नाही. मी हसून एखादा शेर म्हणून टाकायचो.

हळूहळू काय झालं, मी लिहायला बसलो की आधी चाल सुचायची. रदीफ निवडताना अर्थ नाही, शेवटचा स्वर बघायचो. आकार असला की लांबवता येतो, इकार असला की अडचण. मतल्यात थोडं कमी असलं तरी चालेल, गाऊन निघून जाईल, असं मनात यायचं. एका तालुक्याच्या गावी संमेलन संपल्यावर एसटीत कंडक्टर असलेले एक गृहस्थ भेटायला आले. हात हातात घेऊन म्हणाले, "आवाज फार गोड आहे हो तुमचा. कविता कशावर होती?" त्यांनी टोमणा मारला नव्हता. त्यांना खरंच आठवत नव्हतं. आणि मी सांगायला गेलो तर मलाही नीट सांगता येईना.

पुढची सहा-सात वर्षं मी कविता फक्त वाचली. बोलावणी कमी झाली, पाकिटंही पातळ झाली. घरात याबद्दल चर्चा झाली नाही असं नाही. आता क्वचित गातो. पण जी कविता नुसती वाचून उभी राहते, तीच गातो.

हे सगळं ऐकून भाची म्हणाली, "मामू, तुम्ही लोक जुन्या काळचं सांगताय. आता गळा एकाचा आणि चेहरा दुसऱ्याचा, हे चालतंच." बरोबर आहे तिचं. २०१५च्या 'कट्यार' चित्रपटात खाँसाहेब झालेले सचिन पिळगावकर राहुल देशपांड्यांच्या आवाजात गायले आणि लोकांनी चित्रपट डोक्यावर घेतला. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. त्याच राहुल देशपांड्यांनी २०२२ साली आलेल्या 'मी वसंतराव'मध्ये आजोबांची भूमिका केली, गळाही स्वतःचा आणि चेहराही. त्या गाण्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गवयाच्या घरातला मुलगा कॅमेऱ्यापुढे उभा राहिला आणि गाणं गेलं नाही. म्हणजे दार एकच नाही. पार्श्वगायन ही काही फसवणूक नव्हे, ती एक सोय आहे. लतादीदींच्या आवाजावर ओठ हलवणाऱ्या नायिकांना कुणी खोटं म्हणत नाही. पण त्यांतल्या बहुतेकींचा स्वतःचा तंबोरा घरी वाट बघत नव्हता. हिचा बघत होता.

माझ्या बायकोनं मध्येच विचारलं, "पैसे किती देणार?" हा प्रश्न मी विचारायला हवा होता. माझ्या मेव्हण्याचं दुकान कोविडनंतर नीट उभं राहिलेलं नाही, घराचा हप्ता आहे. आकडा ऐकून सगळे गप्प झाले. गंधर्वांच्या आणि वसंतरावांच्या गोष्टी सांगणाऱ्या माझ्यासकट. वसंतरावांना मिलिटरी अकाउंट्स होतं. या पोरीला हीच मालिका कारकुनी ठरली, तर?

मी तिला एवढंच विचारलं, "बारा-तेरा तास शूटिंग झाल्यावर रात्री तुला गावंसं वाटेल?"

"माहीत नाही, मामू," ती म्हणाली. हे मला आवडलं. हो म्हणाली असती तर मी काळजीत पडलो असतो.

ती गेली. गोरेगावला दोन मुलींबरोबर खोलीत राहते. अब्बांनी जवारी काढलेला घरातला जुना तंबोरा घेऊन गेली. आम्ही सगळ्यांनी तिला मोबाइलवरच्या तंबोऱ्यावर काम भागव म्हणून सांगितलं, ऐकलं नाही. पहिले दोन महिने रियाज जवळजवळ बंद होता, हे तिनं मला आपणहून सांगितलं. सकाळी सातला गाडी यायची आणि रात्री दहाला सोडायची. मग कधीतरी तिनं पहाटेचा अर्धा तास धरला. अर्धाच. खोलीतल्या मुली झोपलेल्या असतात म्हणून स्वयंपाकघरात बसते, खर्जच लावते, वर जात नाही.

आणि एक गंमत सांगितली. गाण्याच्या दृश्यात स्पीकरवर त्या दुसऱ्या मुलीचं गाणं लावतात आणि हिनं ओठ हलवायचे. हिला नुसते ओठ हलवता येईनात. गळ्याच्या शिरा हलत नाहीत, पोट हलत नाही, मग खोटं दिसतं. म्हणून ही मोठ्यानं गाते. दिग्दर्शक म्हणाले, "अगं, एवढं कशाला? तुझा आवाज आम्ही घेणारच नाही आहोत." ती म्हणाली, "नका घेऊ." आता शूटिंग असलं की दिवे धरणारी मुलं जवळ येऊन उभी राहतात, कारण त्यांना स्पीकरच्या खालून दुसरं गाणं ऐकू येतं. टीव्हीवर ते कुणालाच ऐकू येत नाही. आम्ही घरी मालिका बघतो तेव्हा मी तिच्या गळ्याकडे बघत बसतो. कधी कधी समेच्या जरा आधी तिनं घेतलेली जागा दिसते, जी वाजणाऱ्या गाण्यात नाहीच. बायको म्हणते, तुम्ही गोष्ट काय चाललीय ते बघतच नाही.

परवा रविवारी तिचा फोन आला. "मामू, तंबोऱ्याला काहीतरी झालंय. वाजतो, पण बोलत नाही. इथल्या दमट हवेनं असेल." आणि फोन तारेजवळ धरून तिनं वाजवून दाखवलं. फोनवर जवारी कळत नाही, तरी मी ऐकत राहिलो. अब्बा असते तर त्यांना कळली असती. म्हटलं, घेऊन ये. आमच्या गल्लीत अजून दोघे-तिघे आहेत घोडी घासणारे, अब्बांच्या हाताखाली शिकलेले.

उरुसात तिला दोन दिवसांची सुट्टी मिळणार आहे. दर्ग्यातल्या बैठकीत पहाटेच्या वेळी, गर्दी पांगल्यावर, नव्या मुलामुलींना थोडा वेळ मिळतो. तिथे गाणार म्हणाली. किती वेळ गाता येईल, आवाज वर जाईल की नाही, तिलाच खात्री नाही. महालक्ष्मी एक्स्प्रेसचं तिकीट काढलंय. मी तिला सांगितलं, तंबोरा वरच्या बर्थवर टाकू नकोस, आपल्याजवळ ठेव, आणि भोपळा खिडकीच्या बाजूला कर. जाणाऱ्या-येणाऱ्यांचे पाय लागतात.